भिंग लावून वाचलेला ‘सेट’: ऑक्सफर्डच्या दोन खंडी कॉम्पॅक्ट डिक्शनरीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही नवी वस्तू नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९७१ साली निघालेली कॉम्पॅक्ट आवृत्ती, दोन जाडजूड खंड आणि सोबत भिंग, ही आता फक्त जुन्या पुस्तकांच्या बाजारातच मिळते. गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरतेय, आणि घेऊ की नको या विचारात असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझं सगळं बघणं त्या बाजूने आहे.

‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे शाळेत ऑक्सफर्डची डिक्शनरी म्हणजे जे हातात मावणारं पुस्तक असतं ते हे नव्हे. ही मूळची तेरा खंडांची थोरली डिक्शनरी, १९३३ साली पुरवणीसकट छापलेली, तिची सगळी पानं फोटो काढून लहान केलीत आणि एकेका पानावर चार-चार जुनी पानं बसवलीत. एकही शब्द गाळलेला नाही. म्हणजे तीन-तीन कॉलमांची चार पानं एका पानावर, अक्षर इतकं बारीक की उघड्या डोळ्यांना नुसती राखाडी जाळी दिसते. पहिला खंड ए ते ओ, दुसरा पी ते झेड. दोन्ही एका खोक्यात सरकवून ठेवायचे आणि खोक्याच्या वरच्या अंगाला एक छोटा ड्रॉवर असतो, त्यात भिंग. वजन सहा-सात किलोच्या घरात आहे, मांडीवर घेऊन वाचायची सोय नाही, टेबलच लागतं.

माझ्या पार्सलमध्ये तो ड्रॉवर रिकामा निघाला. जाहिरातीत ‘भिंगासह’ लिहिलं होतं, मी फोन केला तर विकणारा म्हणाला ताई पन्नास वर्षांची वस्तू आहे, खोकं आहे हेच नशीब समजा. दोनदा मेसेज केले, पैसे काही परत आले नाहीत. तीन हजार आठशे रुपये मोजून चार दिवस मी ते पुस्तक नुसतं उघडून बघत बसले आणि एकही ओळ वाचता आली नाही, फार वाईट वाटलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांनी त्यांचं जुनं टेबलावर उभं राहणारं भिंग वापरायला दिलं, आणि पुढे याच काकांमुळे मला ‘सेट’ची एक मोठी गोष्ट कळली, ती सांगतेच.

घेतली कशासाठी? तर ‘सेट’साठी. खरंच. आठवीच्या एका धड्यात ‘द सन सेट्स’ होतं, दुसऱ्यात ‘सेट द टेबल’, व्याकरणाच्या पुस्तकात ‘सेट आउट’, आणि विज्ञानाच्या बाईंनी त्याच आठवड्यात प्लास्टर सेट होतं म्हणून सांगितलेलं. वर्गात एक मुलगी उठली आणि म्हणाली बाई, एकदाच काय ते सांगा ना, सेट म्हणजे नक्की काय? मी प्रत्येक ठिकाणचा वेगळा अर्थ सांगून मोकळी झाले, सूर्य मावळणे, टेबल मांडणे, निघणे, घट्ट होणे. तिने वहीत चार ओळी लिहून घेतल्या पण तिच्या तोंडावर दिसत होतं की तिला उत्तर मिळालेलं नाही, आणि मलाही माहीत होतं की मी दिलेलं नाही. खिशातली डिक्शनरीही हेच करते, अर्थांना एक दोन तीन नंबर देते आणि सोडून देते. या अर्थांचा एकमेकांशी काय संबंध, आधी कुठला आणि मग कुठला, हे कुणी सांगत नाही.

ते सांगायलाच ही डिक्शनरी जन्माला आली. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांच्या मंडळात, तक्रार मांडली गेली की आत्तापर्यंतच्या इंग्रजी कोशांत शब्दांचा इतिहासच नाही. (योगायोग बघा, त्याच १८५७ साली इकडे मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली.) १८७९ साली जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी घराच्या बागेत पत्र्याची खोली बांधून घेतली आणि लोकांना आवाहन केलं की जुनी पुस्तकं वाचा, शब्द कुठे कसा वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. चिठ्ठ्यांचा एवढा पाऊस पडला की ऑक्सफर्डला त्यांच्या घरासमोर टपालखात्याने खास पेटी बसवली. पहिला भाग १८८४ला आला, शेवटचा १९२८ला, आणि मरे स्वतः १९१५ सालीच गेले, पूर्ण झालेली त्यांना बघायला मिळाली नाही. ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांच्यावर उदाहरणवाक्यं. हे आकडे मी आधी वाचले होते पण भिंगाखाली पान सरकवताना ते खरे वाटायला लागतात.

आता ‘सेट’, या डिक्शनरीतला सगळ्यात लांब लेख. दुसऱ्या खंडात आहे. मूळ छपाईत नुसत्या सेट या क्रियापदाला अठरापेक्षा जास्त पानं लागली, माझ्याकडच्या आवृत्तीत ती आक्रसून चार-पाच पानांत येतात. मुख्य अर्थ १५४. शेवटचा १५४वा म्हणजे ‘सेट अप’, आणि त्याचे पोटअर्थ ए, बी, सी करत झेडपर्यंत जातात, अक्षरं संपतात, मग परत डबल ए, डबल बी करत डबल आरपर्यंत! मी पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी भिंग खाली ठेवून नुसती बसून राहिले. एका माणसाने बसून हे सगळं लावलंय. हे काम हेन्री ब्रॅडलींनी केलं, मरे यांच्या बरोबरीचे दुसरे संपादक.

पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट सुरुवातीच्या व्युत्पत्तीच्या परिच्छेदात आहे. सेट हा सिट या क्रियापदाचा प्रयोजक आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत सिट्टन आणि सेट्टन. एवढंच! हे वाचलं आणि मला त्या मुलीला द्यायचं उत्तर सापडलं. आणि यात मराठी माणसाला जे पटकन दिसतं ते आजच्या इंग्रजाला दिसणार नाही, कारण त्यांच्याकडे ही रीत मेली, मागे चार-दोन जोड्या तेवढ्या उरल्या. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे, झाड पाडतात त्याला ते अजून फेल म्हणतात. लाय-ले, राइज-रेझ त्यातलेच. आपल्याकडे ही रीत जिवंत आहे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, चरणे-चारणे, आतला स्वर बदलला की काम दुसऱ्याकडून होतं. त्यांचं सिट-सेट तसंच आहे. आठवीतल्या पोरांना हे फळ्यावर लिहून दाखवलं तर दहा मिनिटांत कळलं, मला कळायला मात्र वीस वर्षं लागली.

मग मी एकेक अर्थ घेऊन बसवून बघायला लागले. हाड मोडलं की डॉक्टर ते सेट करतो, आपण म्हणतो हाड बसवलं. कोंबडी अंड्यांवर सेट करतात, आपण कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसवतो. घड्याळ, सापळा, आग, रोप, यांना आपण ‘लावतो’. ताटं-पाटं मांडतो, भाव आणि तारीख ठरवतो. म्हणजे बसवणे, लावणे, मांडणे, ठरवणे अशी चार क्रियापदं आपण वाटून घेतली आणि ते सगळं एकट्या सेटवर घालतात. छापखान्यात टाइप सेट करणं म्हणजे आपल्याकडे खिळे जुळवणं, आणि ते करणारा जुळारी. आता जुळारीही गेले आणि खिळेही गेले, शब्द तेवढा माझ्या वडलांच्या तोंडी ऐकलेला.

इथे सोनारकाका येतात. भिंग परत करायला गेले होते तेव्हा ते अंगठीत खडा बसवत होते. मी उभी राहून बघितलं. कोंदणाची कड आधी किंचित उभी ठेवलेली, त्यात खडा टेकवला, हलतो का ते नखाने बघितलं, मग एका बोथट पोलादी सळईने कड चारी बाजूंनी थोडी-थोडी खड्यावर दाबत गेले, समोरासमोरच्या बाजू घेत, एकाच बाजूने नाही, नाहीतर खडा तिरपा बसतो. मी विचारलं काका याला काय म्हणता, तर म्हणाले खडा बसवणं, आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा, तो मुंबईत दागिन्यांचा कोर्स करून आलाय, तो म्हणाला स्टोन सेटिंग. बाप-लेक एकाच टेबलावर एकाच कामाला दोन भाषांत एकच शब्द वापरत होते आणि दोघांनाही त्याची कल्पना नव्हती. मी घरी येऊन तो अर्थ डिक्शनरीत काढला, तो होताच. भिंग काकांनी परत घेतलं नाही, राहू दे म्हणाले.

आमच्याकडे डाळिंबवाले शेतकरी ‘यंदा सेटिंग चांगली झाली’ म्हणतात ना, म्हणजे फुलातून फळ धरलं, ते सेटही याच कुटुंबातलं. दही आणि सिमेंटही. पातळ पदार्थ हलायचा थांबून जागेवर बसला की तो सेट झाला. आपण दही ‘लागलं’ म्हणतो पण गवंडी मात्र बिनदिक्कत स्लॅब सेट होऊ दे म्हणतो. आणि पोरगं नोकरीला लागून सेटल झालं म्हणतो तो सेटलही सिटच्याच घरातला, बसायच्या जागेसाठी जो जुना शब्द होता त्यावरून झालेला.

एक अर्थ मी वर्षानुवर्षं चुकीचा शिकवत होते, तेही कबूल करते. बायबलच्या १६११च्या भाषांतरात एक म्हण आहे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात ‘सेट ऑन एज’ झाले. मी सांगायचे दात शिवशिवले, राग आला, काहीतरी. अहो दात आंबले! कैरी खाल्ल्यावर आपले दात आंबतात तेच ते. इंग्रजीत त्यासाठी तीन शब्दांची मोळी लागते आणि मराठीत नेमकं क्रियापद तयार आहे.

आणि सूर्य. सूर्य सेट का होतो हेही त्या मुलीच्या प्रश्नात होतंच. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सेटलगँग असा शब्द होता, सेटल म्हणजे आसन, गँग म्हणजे जाणं. सूर्य दिवसभर चालून आपल्या आसनाकडे जातो, बसायला. आता आपला अस्त बघा. वेदातल्या संस्कृतात अस्त म्हणजे घर. सूर्य अस्ताला गेला म्हणजे सूर्य घरी गेला. त्यांचा बसायला गेला, आपला घरी गेला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुलं, जी कधी वर बघत नाहीत, ती बघायला लागली.

नाती अजून मागे जातात. सिटचं मूळ आणि संस्कृत सद् हा धातू एकाच मुळाचे. त्यामुळे सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद, इतकंच काय विषाद आणि प्रसाद, हे सगळे सेटचे लांबचे भाऊबंद. पक्ष्याचं घरटं, इंग्रजीत नेस्ट, संस्कृतात नीड, दोन्हींचा मूळ अर्थ खाली बसायची जागा. लॅटिनमधून आलेले सेशन आणि प्रेसिडेंट याच गोतावळ्यातले, म्हणजे संसदेचं सेशन म्हणताना आपण एकच धातू दोनदा म्हणतो. आपलं बसणे मात्र यातलं नाही हं, ते उपविश् वरून बैसणे होऊन आलंय, अभंगात बैसणे भेटतंच. आणि आसनही यातलं नाही, त्याचा धातू आस्. ऐकायला सारखं वाटलं म्हणून नातं जोडायचं नाही, ही शिस्त मला या पुस्तकाने लावली.

तिचं उत्तम उदाहरण म्हणजे कपबश्यांचा सेट. मला वाटायचं एकत्र बसवलेल्या वस्तू म्हणून सेट. पण समूह या अर्थाचं नाम निराळं आहे, ते जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन सेक्टा वरून आलंय, मागोमाग जाणाऱ्यांचा गट, पंथ. पुढे क्रियापदाच्या सेटशी मिसळून गेलं, पण जन्म वेगळा. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी जो मागे जाणे हा धातू आहे त्याचा संस्कृत भाऊ सच्, म्हणजे सोबत असणे, आणि त्यावरून आपला सचिव. कपबश्यांच्या सेटचं नातं मंत्रालयातल्या सचिवांशी, आणि सोनाराच्या सेटिंगचं संसदेशी!

पुस्तक वापरायला लागलात तर थोड्या खुणा शिकाव्या लागतात. प्रत्येक अर्थाखाली वाक्यं सालवार लावलेली असतात, जुनं आधी. सालाच्या आधी छोटा सी असला तर ‘सुमारे’, छोटा ए असला तर ‘त्या सालाच्या आधी’. शब्दाला किंवा अर्थाला कट्यारीसारखी खूण असली की तो आता वापरात नाही. सेटमध्ये या कट्यारी पानोपानी दिसतात, किती अर्थ येऊन गेले ते बघून जीव हळवा होतो.

आता उणिवा. पहिली म्हणजे डोळे. वीस मिनिटांच्यावर सलग वाचू नका, मी सुरुवातीला दोन-दोन तास वाचलं आणि डोकं धरून बसले. दुसरी म्हणजे वय, १९३३च्या पुढची भाषा यात नाही, कॉम्प्युटरचं काही शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. १९८९ला वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, त्यातही सेटच सगळ्यात मोठा होता, साधारण ६०,००० शब्दांचा लेख आणि नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ. मग २००० सालापासून ऑनलाइन नवी आवृत्ती तयार होतेय त्यात सेटचा नंबर गेला, आधी मेक पुढे आला, मग पुट, आणि २०११ला ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं, एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी नऊ महिने त्या एका शब्दावर काढले. पटण्यासारखं आहे, मशीन, प्रोग्राम, दुकान, निवडणूक, नाक, नळ, सगळंच त्यांच्याकडे पळतं. आपलं दुकान चालतं आणि नाक वाहतं. तर रन सारखे शब्द हवे असतील तर ऑनलाइनच बघा, पण ती पूर्ण वापरायला सबस्क्रिप्शन लागतं आणि शाळेतल्या बाईला ते झेपत नाही. शिवाय स्क्रीनवर हवा तो अर्थ शोधला की आपण निघून जातो, इथे भिंग सरकवताना शेजारचा अर्थ दिसतोच, सेटकडे जाताना मला सेटल सापडला तो असाच.

हे वाचता वाचता मी आपलं ‘बसणे’ दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात काढलं, १९३२ ते ३८ मध्ये निघालेले सात खंड, आमच्या गावच्या वाचनालयात आहेत. आपलं बसणे सेटपेक्षा काही कमी नाही हो. घसा बसतो, सूज बसते, धंदा बसतो, हात बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, मार बसतो, कपडा अंगाला बसतो, दुरुस्तीला पाचशे रुपये बसतात, आणि नाटक बसवतात. त्या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात एवढं उभं केलं याला हात जोडावेत. पण विश्वास आधी बसला की घसा, कुठल्या शतकात कुठला अर्थ आला, हे ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंत सालवार लावून दाखवणारा कोश मराठीला हवा, मनापासून हवा. पत्र्याच्या खोलीत चिठ्ठ्यांवर होऊ शकलं तर आता का नाही?

त्या मुलीला शेवटी मी सांगितलं, सेट म्हणजे बसवणे, बाकी सगळं तिथून निघालं. ती म्हणाली, म्हणजे गणपती बसवतात तसं? मी म्हटलं हो गं, तस्संच.

पाचापैकी साडेचार. घ्यायची तर दुसरा खंड उघडून सेटच्या पानांचा फोटो मागवा, झिजलेल्या शाईची प्रत भिंगाखालीही वाचता येत नाही. पाठीची शिवण सैल झालेली नाही ना ते विचारा, या आकाराच्या पुस्तकाची बांधणी परत करायची तर बाइंडरकडे बरेच पैसे बसतात. आणि पैसे पाठवायच्या आधी ड्रॉवर उघडा ठेवून, आत भिंग दिसेल असा एक फोटो नक्की मागा.